तीन लिटरचा कुकर: बेनिन अन् जर्मनीत वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

हा कुकर मी २०२२ च्या दिवाळीत हिंगणघाटच्या भांड्याच्या दुकानातून घेतला, १३५० रुपयाले. साधा अल्युमिनियमचा, तीन लिटर, बाहेरून झाकण लागणारा, शिट्टीवाला. ब्रँड लिहित नाही, असे कुकर कोणत्याही तालुक्याच्या बाजारात भेटतेत अन् जवळपास सारखेच असतेत. रिव्ह्यू याच्यासाठी लिहून राह्यलो की हा कुकर माह्यासंग दोन देश फिरून आला, आधी पश्चिम आफ्रिकेतलं बेनिन अन् मंग जर्मनी, अन् गावात परत आल्यापासून जो तो मले तेच विचारते, कोणता देश चांगला, तिकडं लोक कसे राहतेत, आफ्रिकेत भेव नाही वाटलं का. पानठेल्यावर उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. कुकर धरून सांगितलं तं जरा नीट सांगता येईल.

मी जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातला, फिटर. आपल्याकडं सरकी काढाले डबल रोलर मशीन चालतेत, तिकडं बहुतेक सॉ जिन, म्हणजे करवतीसारख्या चकत्याईचं मशीन, पण बेअरिंग, पट्टे, प्रेस, गठाण, धूळ हे सगळं तेच. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ मी बेनिनमधे पाराकूले होतो, कापसाचा सीझन तिकडंही याच महिन्यात. नकाशात पाहा, नायजेरिया अन् टोगोच्या मधात उभी चिंचोळी पट्टी आहे, तो देश. १९६० पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता, तेव्हा नाव दाहोमे, १९७५ मधे बेनिन झालं. समुद्राकाठी कोतोनू, तिथून चारशे किलोमीटरच्या वर उत्तरेले पाराकू. २०२०-२१ च्या सीझनले त्या देशात सात लाख टनाच्या वर कापूस झाला होता, सगळा हातानं वेचलेला. पहिल्यांदा पाराकूच्या रस्त्यानं कापसाचे ट्रक पाह्यले, वरून ताडपत्री, बाजूनं कापूस लोंबकळून राह्यला, तेव्हा मले वाटलं मी वणीच्या रोडवर उभा आहे.

कुकरवर येतो. मले खोली भेटली होती ती चार घराईच्या मधल्या आंगनात. मधात एक नळ, एक आंब्याचं झाड, चारही बाजूनं खोल्या, ज्याचा त्याचा सैपाक ज्याच्या त्याच्या दारासमोर पण सगळ्याईच्या नजरेसमोर. घरमालकीण साठीच्या आसपासची, तिले सगळे मामाँ म्हणत, तिकडं मोठ्या बाईले तसंच म्हणाचं असते, मीही म्हणाले लागलो. मामाँ पहाटे चारले उठून आतासी बनवे, म्हणजे तांदूळ अन् बरबटी एकत्र शिजवलेली, वरून टमाटर-मिरचीचा तेलात परतलेला रस्सा अन् सोबत पाहिजे असन तं उकडलेलं अंडं. रस्त्याच्या कडेले टेबल मांडून ते विके, सकाळी नऊपर्यंत संपे. बरबटी आपल्यासाठी घरची गोष्ट, पण तिचं मूळ आफ्रिकेतलं आहे हे मले तिथं गेल्यावर कळलं. ज्वारीचंही तसंच. अन् आपल्या अंबाडीच्या लाल बोंडाईचं थंडगार शरबत तिथं बिस्साप म्हणून जागोजागी विकतेत, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, कोपरा दातानं तोडाचा अन् प्याचं. मी आईच्या हातचं पितो तसंच लागलं, फक्त साखर जास्त.

पहिल्या रविवारी मी कुकरमधे बरबटी लावली, मामाँच्या कोळशाच्या शेगडीवर. तिच्या गंजात तीच बरबटी शिजाले दोन-अडीच तास लागत, मी रात्री भिजवलेली होती, चार शिट्ट्या केल्या अन् उतरवली. पहिल्या शिट्टीले आंगनातली सगळी लेकरं खोल्याईत पळाली, दुसरीले दारातून डोकावली, तिसरीले कुकरच्या भवताली. मामाँनं झाकण उघडल्यावर एक दाणा बोटानं दाबून पाह्यला, मंग शेगडीत वाकून कोळसा किती उरला ते पाह्यलं. दाण्यापेक्षा तिनं कोळसा जास्त वेळ पाह्यला. तिथं बहुतेक घरी अजून लाकूड नाहीतं कोळसाच आहे, गॅसचा लहान सिलेंडर एखाद्याकडंच, अन् जी बाई रोज विकण्यासाठी शिजवते तिचा नफा त्या कोळशातच अडकलेला असते. माही आजी चुलीत एक फाटा कमी घालून पोळ्या उरकता येतीन का याचा विचार करे, मले तिचीच आठवण आली.

म्हणून कुकरले पहिला मुद्दा पूर्ण मार्क: जिथं जळतण महाग अन् वेळ बाईचा जाते, तिथं याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. पण तीन लिटर म्हणजे एका माणसाचं, फार तं तिघाईचं भांडं. मामाँले रोजची आतासी कराची तं बारा लिटरच्या खाली उपयोग नाही. ती मले जाईपर्यंत विचारत होती की मोठा भेटते का, तुमच्या देशात केवढ्याले आहे, सेफामधे सांग.

सेफा म्हणजे तिथलं चलन, एका युरोले ६५५.९५७, हा रेट बांधलेलाच आहे, हलत नाही. आता हिशोब ऐका, हा मी नंतर जर्मनीत बसून केला अन् त्या रात्री मले झोप लागली नाही. मी पाराकूले होतो त्याच जानेवारीत तिथल्या सरकारनं महिन्याची कमीत कमी मजुरी ४०,००० वरून ५२,००० सेफा केली. म्हणजे साधारण ७९ युरो, आपले सात हजाराच्या आसपास. आपल्याकडं २०२३-२४ मधे रोहयोचे रोजचे २७३ होते, सव्वीस दिवस भरले तं तेवढेच होतेत. अन् जर्मनीत २०२४ मधे कमीत कमी मजुरी तासाले १२.४१ युरो. साडेसहा तास. बेनिनचा माणूस, किंवा आपल्या गावचा रोहयोवरचा माणूस, महिनाभर राबून जे घरी आणते ते जर्मनीतला सगळ्यात कमी पगाराचा माणूस सकाळी कामाले लागून दुपारच्या चहापर्यंत कमावते. कापसाचंही सांगतो, त्या सीझनले बेनिन सरकारचा ठरलेला भाव पहिल्या प्रतीले किलोमागं ३०० सेफा, म्हणजे आपले चाळीसेक रुपये, आपल्याकडं त्या साली लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ६३८० होता. म्हणजे भाव कमी आहे म्हणून आपण रडतो ते खरंच आहे, पण आपल्यापेक्षाही कमी भावात तोच माल पिकवणारा कास्तकार जगात आहे अन् तो आपल्यासारखाच पाऊस पाहत बसते.

फेब्रुवारीत कुकरचं रबर गेलं. तिकडं नोव्हेंबर ते मार्च सहाराकडून वारा सुटते, हरमातान म्हणतेत, ओठ फुटतेत, दाराच्या फळ्या तडकतेत, सगळ्यावर पिवळट धूळ. रबर कडक होऊन बाजूनं वाफ जाले लागली. पंक्चरवाल्याकडं गेलो, त्यानं ट्यूबचं रबर कापून रिंग बसवून देली दहा मिनिटात, वाफ धरली पण भाताले असा वास की दोन वेळचा भात टाकून देला. हे कोणी करू नका, खाण्याच्या भांड्याले ट्यूबचं रबर लावूच नये. शेवटी कोतोनूच्या एका भारतीय किराणा दुकानातून रबर मागवलं, येणाऱ्या ड्रायव्हरच्या हातानं. कंपनीले माही सरळ तक्रार आहे की डब्यात एक रबर जास्तीचं टाकाले काय जाते.

त्याच महिन्यात झाकणाचं हँडल तुटलं, ते काळं बॅकेलाइटचं, शेगडीच्या आचेनं बाजूनं करपून गेलं होतं. आंगनासमोरच एका सुताराचं छप्पर होतं. त्यानं तुटलेले दोन तुकडे जोडून मातीवर ठेवले, माप घेतलं, अन् लाकडाचा एक तुकडा घेऊन तासाले बसला. मले वाटलं उद्या या म्हणन. अर्ध्या तासात हँडल तयार, बोटाईसाठी खालून खोबण केलेली, जी कंपनीच्या हँडलले नव्हती. ५०० सेफा घेतले, म्हणजे सत्तरच्या आत. मी हजाराची नोट देली तं उरलेले परत देले, घेतलेच नाही जास्त. तो डब्यातून जेवत होता, मी आलो तेव्हा म्हणाला "वू झेत अँविते", म्हणजे तुम्हाले आमंत्रण आहे. तिथं कोणी जेवत असन अन् दुसरा समोरून गेला तं हे म्हणतेतच. आपल्याकडं नाही का, शेतात धुऱ्यावर बसून कोणी डबा उघडला अन् रस्त्यानं माणूस दिसला की "या जेवाले". शब्द वेगळे, रीत तीच. हजारो किलोमीटर दूर हे ऐकलं तेव्हा आतून भरून आलं, खोटं काहून सांगू.

पण मी तिथलं गोडगोड चित्र काढणार नाही. मार्चमधे मामाँच्या नातवाले ताप आला, चार वर्षाचं लेकरू, मलेरिया. दवाखान्यात आधी पैसे, मंग सलाईन, हातमोजेसुद्धा बाहेरून आणून द्या लागत होते. रात्री अकरा वाजता आंगनात चारही घराईचे लोक जमले, दिव्याच्या उजेडात नोटा मोजल्या, मी पाच हजार सेफा देले, सुतारानंही देले. लेकरू वाचलं. चार दिवस त्याच्यासाठी ह्याच कुकरमधे तांदळाची पातळ पेज लावली. त्या आंगनातल्या लोकाईचा एकमेकाले आधार आहे हे खरं, पण त्याईनं रात्री अकराले वर्गणी करणं ही काही मिरवाची गोष्ट नाही. बेनिनमधे सरासरी आयुष्य साठीच्या आसपास अन् जर्मनीत ऐंशीच्या वर, तो फरक अशा रात्रीतून तयार होते. आपल्याकडं कोणी आफ्रिकेच्या लोकाईले हसलं की मले ही रात्र आठवते अन् राग येते.

आता जर्मनी. मार्च ते जुलै २०२४, म्योनशेनग्लाडबाख, माह्या कामाच्या कंपनीनं स्पिनिंगच्या मशीनच्या ट्रेनिंगले पाठवलं. हे एकेकाळी कापडाच्या गिरण्याईचं गाव, आपल्या हिंगणघाटासारखं म्हणा. खोली स्वच्छ, गरम पाणी चोवीस तास, नळाचंच पाणी प्या म्हणतेत अन् खरंच प्याले काही होत नाही. कुकर शेगडीवर ठेवला तं शेगडी पेटेच ना, नुसता दिवा लुकलुक. इंडक्शन होतं. त्याले लोखंड लागते, बुडाले चुंबक चिकटलं तरच ते भांडं चालते, अल्युमिनियमले ते ओळखतच नाही. ज्याले युरोपात जाचं असन त्यानं हे आधी ध्यानात घ्या, स्टीलचा, इंडक्शन बुडाचा कुकर न्या, माह्यासारखं करू नका. मी मंग जुन्या वस्तूच्या बाजारातून एका कॉइलची शेगडी १५ युरोले घेतली.

अन् रविवारी सकाळी तुरीच्या डाळीले तीन शिट्ट्या देल्या. दुपारी दारावर चिठ्ठी, सुंदर अक्षरात. दुसऱ्या दिवशी कामावरच्या पोऱ्याकडून वाचून घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजीनं लिहिलं होतं की रविवार अन् रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते, तुमच्या घरातून येणारा आवाज कशाचा आहे हे कळलं नाही पण कृपया तेवढं पाहा. मले पहिले तं वाईट वाटलं. पाराकूत ज्या शिट्टीवर लेकरं जमली त्याच शिट्टीवर इथं चिठ्ठी. पण मंग समजत गेलं की तिथं रविवार म्हणजे खरंच रविवार, दुकानं बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंसुद्धा नाही, अन् रविवारच्या सुटीचं रक्षण त्याईच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. म्हणजे दुकानात उभी राहणारी पोरगी असो की फिटर, त्याचा रविवार कोणी मालक सहजासहजी उचलून घेऊ शकत नाही. आपल्या जिनिंगमधे सीझनले मी तीन-तीन महिने सुटी पाह्यली नाही, बेनिनमधेही तेच. चिठ्ठी कडू होती पण त्याच्यामागचा हक्क मले हवाहवासा वाटला.

आजीकडं जाऊन कुकर दाखवला, माफी मागितली. तिनं सांगितलं तिच्याकडंही प्रेशरचं भांडं आहे, चाळीस वर्षं जुनं, त्याले शिट्टी नाहीच, दाब चढला की एक दांडी वर येते अन् आच कमी कराची. हे ऐकून मी आपल्या कुकरवर तसंच करून पाह्यलं: वजनाखालून फुसफुस सुरू झाली की आच एकदम बारीक, मंग शिट्टी होतच नाही, डाळ मात्र तेवढीच शिजते अन् जळतणही वाचते. वीस वर्षं घरात कुकर आहे अन् शिट्ट्या मोजण्यापलीकडं आम्ही कधी गेलो नाही. आता घरी बायकोही तसंच करते, सिलेंडर आठ-दहा दिवस जास्त जाते.

जेवणाचं सांगतो. कामावर बाराले सगळे एकमेकाले "माल्त्साइट" म्हणत जातेत, जेवणाची वेळ झाली असा नमस्कार. पण डबा ज्याचा त्याचा. पहिल्या दिवशी मी सवयीनं डबा पुढं केला तं बाजूचा पोऱ्या गोंधळला, घ्याचं की नाही त्याले समजेना. वाईट माणूस नव्हता, पुढं त्यानंच मले सायकल वापराले देली. अन् एक गोष्ट मी आपल्याकडं कधी पाह्यली नाही, शिफ्ट संपताना डिपार्टमेंटचा साहेब स्वतः झाडू घेऊन आपली जागा झाडे. कोणाले त्याच्यात कमीपणा नाही, कोणी धावत येऊन हातातला झाडू घेत नाही. इथं मी मॅनेजरच्या टेबलावरचा रिकामा कपसुद्धा उचललेला आहे.

जूनमधे लाकडाच्या हँडलचे स्क्रू ढिले झाले, भोक मोठं झालं होतं. भांड्याच्या दुकानात नेला तं दुकानदारानं हातच लावला नाही, म्हणे हे लाकडाचं कोणी बसवलं, याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, नवा घ्या, ९० युरोपासून पुढं. माणूस बोलावून दुरुस्त कराचं तं त्याच्या येण्याचेच पैसे कुकरपेक्षा जास्त. पाराकूत हात स्वस्त म्हणून वस्तू मरत नाही, जर्मनीत हात महाग म्हणून माणूस सुखानं जगते पण वस्तू फेकल्या जातेत. रस्त्याच्या कडेले मी चांगले मिक्सर, खुर्च्या, टीव्ही ठेवलेले पाह्यले, कोणी न्या म्हणून.

त्या पोऱ्यानंच मंग रिपेअर कॅफे सांगितला. महिन्यातून एका शनिवारी एका हॉलमधे रिटायर झालेले लोक टेबल मांडून बसतेत अन् लोकाईच्या वस्तू फुकट दुरुस्त करतेत, बाजूले कॉफी अन् केक, पाहिजे तं डब्यात पैसे टाका. ही पद्धत २००९ मधे ॲमस्टरडॅमपासून सुरू झाली. तीन हप्ते थांबलो. माह्या नंबरवर एक म्हातारे टर्नर भेटले, आयुष्यभर लेथवर काम केलेले, हे बोटं पाहूनच समजते. त्याईनं झाकण हातात घेतलं, चष्मा वर केला, अन् लाकडाच्या हँडलवरून अंगठा फिरवत राह्यले. खोबणीत बोटं घालून पाह्यली. मंग पोऱ्याले विचारलं हे कोणी केलं. पाराकूचा सुतार, अर्धा तास, ५०० सेफा, हे सगळं पोऱ्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं फक्त "गूट" म्हटलं, चांगलं, दोनदा. त्याईनं लाकडात पितळेच्या दोन बारीक बुश बसवल्या अन् स्टीलचे स्क्रू मारले, म्हणजे आता लाकूड झिजणार नाही. काम करता करता सांगत होते की वाफेच्या दाबाचं असं भांडं पहिल्यांदा १६७९ मधे दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं बनवलं अन् तो पुढं जर्मनीत मारबुर्गले प्रोफेसर होता. मी डब्यात १० युरो टाकले. पाराकूच्या सुताराले महिनाभरात जे भेटते त्याच्यातला हा किती हिस्सा झाला, हे त्या दिवशी डोक्यातून जात नव्हतं.

कुकरले मार्क देतो. भांडं पाचपैकी पाच, तळ अजून सपाट आहे, झाकण बसते. शिट्टीचं वजन पाच. रबर दोन, सुकं हवामान असन तं तीन महिन्यात बदलावंच लागते. कंपनीचं हँडल एक. सेफ्टी वॉल्व उडाला नाही म्हणून त्याच्याविषयी काही लिहित नाही, पण बाहेरगावी नेताना नवा बसवून न्या. जर्मनीसाठी हे मॉडेल घेऊच नका. बेनिन, टोगो, घाना, बुर्किना तिकडं सीझनले जाणाऱ्या आपल्या फिटर लोकाईनं नक्की न्या, कोळशावर मस्त चालते, फक्त हँडल शेगडीच्या बाहेर राहीन असं ठेवा.

अन् जो मले पानठेल्यावर विचारते कोणता देश चांगला, त्याले मी आता एवढंच विचारतो, कोणासाठी. माह्या पोरीले शिकाले पाठवाचं झालं तं जर्मनी, डोळे मिटून. आजारी पडलो तरी जर्मनी. पण रिकाम्या हातानं अनोळखी गावात उतरलो अन् भूक लागली असन तं मले पाराकूचं ते आंगन पाहिजे.

या नोव्हेंबरात समुद्रपूर तालुक्यातला एक पोट्टा त्याच जिनिंगले चालला आहे. त्याच्यासंग बारा लिटरचा कुकर देऊन राह्यलो, मामाँसाठी, चार रबर जास्तीचे अन् एक सेफ्टी वॉल्व. विमानाचं वजन भरते म्हणून त्यानं स्वतःचं लोणचं काढून ठेवलं. पत्ता लिहून देला आहे: बसस्टँडवरून कापसाच्या ट्रकाईच्या रस्त्यानं, आंब्याचं झाड असलेलं आंगन, समोर सुताराचं छप्पर. हँडल करपलं तं तिथंच जाजो म्हटलं.